उभी माती

जीप दवाखान्याच्या पायरीला लागली आणि मिनाजला उतरवून घ्यायच्या आधी हसीनाबीच उतरली. उतरली ती सरळ पायरीच्या मधोमध जाऊन बसली, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकून, वाट अडवून. चैत्रातलं भर दुपारचं ऊन होतं, शहाबादी फरशी पाय ठेववू नये इतकी तापली होती, पण हसीनाबीला त्याचं काही नव्हतं.

"माझ्या सुनंला या मातीच्या भितीआड न्यायचं न्हाय," ती म्हणाली. "सोलापूरला न्या."

रुकसाना चाकाची खुर्ची ढकलत दारातून बाहेर येत होती, ती तिथंच थांबली. अंगावर नर्सचा पांढरा गणवेश होता. आत तिला सगळे सिस्टर म्हणून हाका मारत, तिच्या शब्दावर शिकाऊ पोरी धावत. पण पायरीवर बसलेल्या बाईसाठी ती फक्त थोरली लेक होती, आणि आईपुढं थोरल्या लेकीचं काही चालल्याचं त्या घरात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"अम्मी, सरका. तिचं बीपी लई वर गेलंय. पाय बघा कसे सुजलेत. फिट आली तर आई बी जाईल आन लेकरू बी. सोलापूरचा रस्ता आता सोसायचा न्हाय तिला."

"रस्ता परवडला."

"मागच्या बारीला रस्त्यानं काय केलं, इसरलात?"

बोलून गेल्यावर रुकसानाला वाटलं, जीभ चावावी. दोन वर्षांपूर्वी हीच जीप होती आणि हाच रस्ता होता. तेव्हा हा दवाखाना सुरू झाला नव्हता. नळदुर्ग मागं पडल्यावर मिनाज जीपमध्येच मोकळी झाली होती, आणि पोरगं रडलं नव्हतं. त्यानंतर घरात त्या रस्त्याचं नाव कुणी काढत नसे. आता ते नाव पायरीवर सगळ्यांच्या मधे येऊन पडलं, आणि कलीमनं मान खाली घातली.

कलीम रुकसानाचा धाकटा भाऊ, भूकंपानंतर जन्मलेला. गेलेल्या लेकरानंतर जे लेकरू येतं त्याला आई जशी वाढवते तसा तो वाढला होता, म्हणजे एकेक दाणा निवडावा तसा जपून. त्यानं आईचा शब्द कधी मोडला नव्हता. जेसीबी घेतला, टिपर घेतला, चार माणसं हाताखाली ठेवली, तरी घरात शिरताना तो अजून आईचा चेहरा बघून चप्पल काढायचा.

"आपा, अम्मी एवढं म्हणतीय तर..." तो पुटपुटला. "सोलापूरला मोठे डाक्टर हायत. एसी गाडी करतो."

"आन गाडीत कोण असंल? तू?"

"तुमी चला की संगं."

या घरातल्या भांडणाची ही जुनी तऱ्हा होती. आई एकीकडं, कलीम तिच्या मागं, आणि समोर एकटी रुकसाना. अब्बा कुणाच्याच बाजूला नसत. अब्बा मशिदीत तरी असत नाहीतर ओट्यावर. आजही ते आले नव्हते. वडापच्या जीपनं येतो म्हणाले होते.

आता या इमारतीबद्दल सांगायला हवं, कारण हसीनाबीचं भांडण माणसांशी नव्हतंच, इमारतीशी होतं. लोहाऱ्याबाहेरच्या माळावर विद्यापीठानं हे आरोग्य भवन बांधलं. कोनशिलेवर 'पर्यावरणपूरक' हा शब्द इतका मोठा कोरला होता की उद्घाटन करणाऱ्याचं नाव त्याखाली जेमतेम मावलं. आत वर्ग होते, पुढं तीस खाटांचा दवाखाना. छपरावर सौरपट्ट्या. सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यांतून निवळून झाडांना जाई. मधोमध वाऱ्याचा मनोरा, गरम हवा वर ओढून घेणारा. जमिनीखालच्या नळांतून गार हवा खोल्यांत येई, त्यामुळं बाहेर माणूस भाजून निघत असताना आत अंगावर चादर लागे. आणि भिंती मातीच्या. विटांच्या नव्हेत, साच्यात थरावर थर घालून ठोकून केलेल्या, दोन हात रुंद, पोटात लोखंडी सळया. थर उघडे ठेवले होते. पुण्याहून कॅमेरे गळ्यात घालून लोक यायचे आणि त्या थरांवरून हात फिरवून 'वा' म्हणायचे.

गावचे लोक मात्र वा म्हणत नव्हते. ज्यांनी त्र्याण्णवचा भूकंप पाहिला, त्यांची घरं माळवदाची होती. लाकडाच्या तुळया, वर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती. दर मृगाआधी नवा थर टाकायचा म्हणजे पाणी गळत नाही. थर चढत गेले, वजन वाढत गेलं, आणि त्या पहाटे सगळं खाली आलं. नंतर सरकारनं नवं गाव वसवलं, सिमेंटची घरं दिली, आणि जुनं गाव तसंच सोडून दिलं, बाभळी वाढायला. मातीखालून एकदा निघालेला माणूस पुन्हा मातीच्या भिंतीआड का जाईल? वैजनाथ सर, म्हणजे विद्यापीठाचे इंजिनिअर, गावोगाव फिरून समजावत होते की या भिंती वेगळ्या आहेत, छप्पर हलकं आहे. हळूहळू लोक यायला लागले. आजारी माणूस फार दिवस घाबरत नाही.

हसीनाबीही एकदा आली होती, दिवाळीत, उद्घाटनाला. लेकीचा दवाखाना बघायला नवी साडी नेसून आली, बाळंतिणीच्या खोलीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला, आणि उलट्या पावली बाहेर येऊन कर्दळीच्या वाफ्यात ओकली. विचारलं तर म्हणाली, वास आला. जुन्या गावाच्या पांढरीचा वास. त्यानंतर तिनं या माळावर पाऊल टाकलं नव्हतं.

माती जुन्या गावाचीच होती, हे काही लपलेलं नव्हतं. कलीमच्याच टिपरनं ती वाहिली होती, आणि त्याचे अब्बा, गफार मिस्त्री, जन्मभर माळवदं घातलेला माणूस, ती कुठली घ्यायची हे दाखवायला जात होते. पण ती गढीकडची, आपल्या गल्लीतली नव्हे, असं अब्बांनी घरात सांगितलं होतं.

"मिनाज," रुकसाना शेवटी जीपकडं वळून म्हणाली. "तूच सांग."

घरात मिनाजला कुणी कधी काही विचारत नसे. तिनं सीटची कड धरून पाय खाली सोडले. ओढणी घामानं चिकटली होती.

"आपा, मला डोळ्यापुढं चांदण्या दिसाया लागल्यात," ती म्हणाली. मग सासूकडं बघून, अगदी हळू, पण न अडखळता: "अम्मी, माझं एक रस्त्यात गेलं. आता मी रस्त्यावर जायची न्हाय. तुमी सरकला न्हाईत तर हितंच पायरीवर बाळंत हुईन."

कलीमनं किल्ली खिशात घातली. इतका वेळ आईच्या मागं उभा असलेला तो माणूस बायकोपाशी गेला, तिला उचललं, आणि आईचा हात ओलांडून आत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा. हसीनाबीनं हात काढला नाही. तिनं फक्त डोळे मिटून घेतले.

आतलं सगळं भराभर झालं. डॉ. शिवकन्यांनी बीपी बघितलं आणि चेहरा कोरा केला. तो कोरा झाला की रुकसाना समजे. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. "बाळाचे ठोके मंद पडताहेत," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "कळा चांगल्या आहेत. थोडा वेळ बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल. सिस्टर, भूलतज्ज्ञांना कळवा. नातेवाइकांना कल्पना द्या."

आणि त्याच वेळी भिंत वाजली.

टक. टक. टकटक.

रुकसाना हातातली सुई धरून उभी राहिली. डॉक्टरांनी मान वर केली नाही. शिकाऊ पोरगी म्हणाली, "ही भिंत पण ना," आणि कामाला लागली. दुपारी ही भिंत वाजते हे सगळ्यांनाच माहीत होतं. वैजनाथ सरांनी कान लावून ऐकलं होतं आणि सांगितलं होतं, माती अजून वाळतेय, उन्हानं सळई ताणते, दोन पावसाळे गेले की बंद होईल. सगळ्यांना पटलं. रुकसानालाही पटलं, घरी गेल्यावर, जेवताना, नवऱ्याशी बोलताना. भिंतीपाशी उभी असताना पटत नसे. सळई ताणली तर ती कशीही वाजेल. दोनदा सावकाश आणि मग दोनदा घाईघाईनं, नेमकं असंच का वाजावं?

जुन्या गावात त्यांच्या दोन खोल्या होत्या, मधे मातीची भिंत. दुपारी आई दोघी बहिणींना वेगवेगळ्या खोलीत निजवायची, कारण एकत्र निजल्या तर हसण्यातच दुपार जाई. मग चांदबी, रुकसानाची धाकटी बहीण, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी घेऊन भिंतीवर वाजवायची. टक, टक, टकटक. म्हणजे: मी हाय, तू हाय का? इकडून रुकसानानं बोटाच्या पेरानं एकदा वाजवायचं. टक. हाय.

भूकंपाच्या पहाटेही दोघी वेगवेगळ्या खोल्यांत होत्या; तशाच गाडल्या गेल्या, मधे तीच भिंत. अंधारात वाटी वाजली, आणि रुकसानानं दगडानं उत्तर दिलं. किती वेळ, ते तिला आठवत नाही. मग कुणी तरी तिचे पाय धरून तिला बाहेर ओढलं. पाऊस लागला होता. वाटी खाली वाजतच होती, आणि वर उभी राहून रुकसाना ओरडत होती, हाय, हाय, मी हाय. पण चिखलातून आवाज खाली जात नव्हता. तिला उत्तर द्यायला जागाच उरली नव्हती. लोक हातांनी उकरत होते. भिजलेली पांढरी घट्ट बसत गेली. संध्याकाळपर्यंत वाटी थांबली. पुढं उकरलं तेव्हा तिथं कुणी सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून हसीनाबीनं लेक गेली असं कधी म्हणू दिलं नाही. गावातल्या गेलेल्या सगळ्यांच्या नावानं फातेहा होई, चांदबीच्या नावानं नाही. ईदला शिरखुर्म्याची एक वाटी जास्तीची भरून ठेवली जाई, आणि ती दुसऱ्या दिवशी कोंबड्यांपुढं ओतली जाई.

भूलतज्ज्ञांना फोन लावून रुकसाना पायरीवर आली. कलीम आत खोलीच्या दाराशी बसला होता. हसीनाबी तशीच बाहेर, एकटी, पदर कपाळापर्यंत ओढून.

"अम्मी, ठोके मंद झालेत लेकराचे. बहुतेक ऑपरेशन करावं लागंल."

हसीनाबीनं मान हलवली. तिला आधीच कुणीतरी सांगितलं होतं असं वाटावं, इतकी शांत.

"मागतीय ती," ती म्हणाली.

"कोण?"

"तुला ठाव हाय कोण. तू रोज त्या खोलीत आसतीस. वाजत न्हाय व्हय तुला?"

रुकसानानं मागं दाराकडं बघितलं. इतके महिने ती हे कुणाजवळ बोलली नव्हती. नवऱ्याजवळ नाही, अब्बांजवळ नाही.

"दिवाळीत ऐकलं म्या," हसीनाबी बोलत राहिली. "वास-बीस काय न्हाय. वाटी वाजली. मला वाटलं, माझ्याच डोक्यात वाजतीया, तीस वर्सं वाजतीच हाय. पन हात लावला तर हाताला लागली, भितीतनं. एकटी हाय गं ती. लहान हाय. तिला सोबत पायजे. त्या खोलीत नवं लेकरू आलं की ती मागनारच. म्हनून म्हनत हुते, नका नेऊ."

रुकसाना तिच्याशेजारी बसली. गणवेशाला डाग लागेल याचं तिला भान राहिलं नाही. आईला धीर द्यावा, सळईचं सांगावं, असं मनात आलं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मला बी ऐकू येतंय, अम्मी. पहिल्या दिवसापासनं."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. तीस वर्षांत एवढं सरळ त्यांनी एकमेकींकडं बघितलं नसेल.

तेवढ्यात वडापची जीप फाटकाशी थांबली आणि गफार मिस्त्री उतरले. वाकलेले, हातात काठी, डोक्यावर जाळीची टोपी. ते सावकाश आले, दोघींचे चेहरे बघितले, आणि विचारलं, "काय झालं?"

"वाजतीय ती," हसीनाबी म्हणाली. "तुमची लेक. गढीकडची माती म्हनलात न्हवं? गढीकडं माझी लेक कुठनं आली?"

अब्बा खाली बसले. बसताना काठी घसरली, ती त्यांनी उचलली नाही.

"गढीकडची माती रेताड निघाली," ते म्हणाले. "ठोकली की फुटायची. चांगली पांढरी आपल्याच गल्लीत हुती. भूकंपाआधी वर्सानुवर्सं म्या तिचे थर दिले हुते, मला ठाव न्हाय? वैजनाथ साहेब म्हनले, चाचा, द्याल का माती? म्या म्हनलं, देतो." ते थांबले. "कलीमला बी सांगितलं न्हाय, कुनाची जागा हाय ते. त्यो पोरगा मागनं जन्मला, त्याला गल्ली ठाव न्हाय. चाळनीपाशी म्या सोता बसायचो. मला वाटायचं, घावंल. काय तरी घावंल."

"आन?"

"हाडं न्हाय घावली. पन एका जागंची माती येगळी निघाली. काळसर, मऊ. आन तिच्यात वाटी."

रुकसानाच्या हाताला आपोआप मुठीचा आकार आला. जर्मनची वाटी. ती तिनं रोज ऐकली होती, आणि ती तिथं आहे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"घरी का आनली न्हाय?" हसीनाबीचा आवाज चिरकला.

"तुझ्यापुढं कशी आनू? तू तिला मेली म्हनू दिलं न्हाईस. कबरस्तानात न्यायची तर जनाजा लागतो, चार मानसं लागत्यात, नाव घ्यावं लागतं. म्या कुनाचं नाव घेऊ? तू घरात तिची वाटी भरून ठिवतीस." म्हातारा रडत होता, डोळे न पुसता. "मग साच्यात थर घालायची बारी आली. म्या साहेबाला म्हनलं, त्या बाळंतिनीच्या खोलीची भित म्या भरतो. ती माती तिथं घातली. वाटी तिच्यात ठिवली. तीन मुठी टाकल्या. म्हनायचं ते म्हनलं. म्या तिला माती दिली, हसीना."

आत वाऱ्याच्या मनोऱ्यातून हवा वर जात होती, तिचा लांब घुमणारा आवाज पायरीपर्यंत येत होता.

"उभी?" हसीनाबी म्हणाली. "उभी माती दिली तिला? मेल्या मानसाला आडवी माती देत्यात. निजायला. तुमी तिला भितीत उभी केली. सा वर्साचं लेकरू ते, पाय दुखत नसतील तिचे? मग ती वाजवील न्हाय तर काय करंल?"

रुकसाना उठली. तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या, बाळाचे ठोके आणि वाटीचे ठोके, आणि तिला त्या वेगळ्या करता येईनात. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

"अम्मी, ती खोली तुमीच निजवायची," ती म्हणाली. मग स्वतःचं चुकलेलं बोलणं तिनं सावरलं. "तिला, म्हंजे. तुमीच निजवायची. अब्बांनी दिली, पन एकट्यानं दिली, चोरून. तुमी दिली न्हाय."

"बायका माती देत न्हाईत," अब्बा पुटपुटले. "बायका कबरस्तानात येत न्हाईत."

"कबरस्तान कुठंय हितं?" रुकसाना म्हणाली. "बाळंतिणीची जागा हाय ती. तिथं तुमी येऊ शकत न्हाय, अब्बा. कलीम बी न्हाय. तिथं बायकाच जात्यात."

हसीनाबीनं वर बघितलं. मग ती उठली. गुडघ्यांवर हात देऊन, कुणाचा आधार न घेता. कर्दळीच्या वाफ्यापाशी गेली, वाकली, आणि कोरड्या कडेची माती पदरात घेतली. पायरी चढली. दारातून आत जाताना तिचा पाय अडखळला, पण थांबला नाही.

बाळंतपणाच्या खोलीत माती नेता येणार नव्हती, ते रुकसाना कितीही घाबरलेली असली तरी होऊ देणार नव्हती. पण त्या भिंतीच्या अलीकडं बायकांची थांबायची छोटी खोली होती. भिंत तीच. रुकसानानं दार लावून घेतलं. आत गारवा होता, आणि ओल्या पांढरीचा तो वास, जो आपल्याला कधीच आला नव्हता असं रुकसानाला वाटायचं. आत्ता तो आला. भिंतीवरचे थर दिसत होते, फिकट, गडद, फिकट. कमरेच्या उंचीवर एक थर बाकीच्यांपेक्षा काळसर होता. पुण्याचे लोक त्याचाच फोटो काढायचे.

पलीकडून मिनाजची आरोळी आली. आणि लगेच, त्या काळ्या थराच्या आतून: टक. टक. टकटक.

हसीनाबीनं कान लावला. सुरकुतलेला गाल मातीवर टेकला. तिनं बोटाचं पेर उचललं, आणि एकदा वाजवलं.

"हाय गं," ती म्हणाली. "म्या हाय. तुझी अम्मी हाय."

आतून पुन्हा वाजलं. आता घाईनं, पुन्हा पुन्हा, इतकं भराभर की रुकसानानं कान झाकले.

"ऐक. वाजवू नगंस. ऐक माझं." हसीनाबी निजवायच्या सुरात बोलत होती. "तू मेलीस, चांदू. मला कळलं हुतं. त्याच दिवशी कळलं हुतं. म्या म्हनू दिलं न्हाय कुनाला. माझ्यामुळं तू जागी राहिलीस. मेलीस गं माझी बाय. आता नीज."

तिनं पदरातली माती मुठीत घेतली आणि भिंतीच्या पायथ्याशी टाकली. एक. मग दुसरी. दुसऱ्या मुठीला ती खाली बसली. तिसरी टाकताना तिनं हात जमिनीला टेकवला, आणि माती हातानंच पसरली, उशीइतकी, आडवी.

"आडवी हो," ती म्हणाली. "पलीकडच्या लेकराला काय करू नगंस. ते तुझंच हाय."

रुकसाना तिथून निघाली. डॉक्टरांची हाक आली होती आणि तिला जावंच लागलं. पलीकडं मिनाजचा चेहरा पांढरा पडला होता, डॉ. शिवकन्या खाली वाकल्या होत्या. "डोकं दिसतंय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनला वेळ नाही. मिनाज, आता जोर लाव. आता!" मिनाजनं रुकसानाचा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली. एक कळ गेली. दुसरी गेली. मग बाळ आलं, निळसर, ढिलं, गळ्याला नाळेचा वेढा. डॉक्टरांनी वेढा सोडवला, पाठ चोळली, तोंड साफ केलं. बाळ रडलं नाही.

मिनाज विचारत होती, "आपा, रडत का न्हाय? आपा?" रुकसानाच्या हाताखाली बाळाची छाती होती, आणि ती दोन बोटांनी दाबत होती, शिकवल्याप्रमाणं, आणि तिचे कान भिंतीकडं होते. भिंत गप्प होती. तिनं आजवर ऐकलेल्या कुठल्याही शांततेपेक्षा ती वेगळी होती. कुणीतरी श्वास धरून ऐकत असावं तशी.

मग बाळ रडलं. आधी मांजरागत, आणि मग दवाखाना डोक्यावर घेऊन.

"मुलगी आहे," डॉ. शिवकन्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना हसू येत होतं. "हिनं घाबरवलं बाई आपल्याला."

ऊन कलल्यावर कलीमला आत घेतलं. त्यानं लेकीला हातात घेतलं, आईकडं बघितलं, चप्पल दाराबाहेर आहे का ते बघितलं, आणि मग भीत भीत म्हणाला, "अम्मी, नाव चांदबी ठिवायचं?"

"न्हाय," हसीनाबी म्हणाली. "ते नाव मातीला गेलं. लेकराला तिचं सोताचं ठिवा. मिनाजला इचारा काय ठिवायचं ते." आणि सुनेच्या कपाळावरून हात फिरवून ती बाहेर गेली, जिथं पायरीवर गफार मिस्त्री बसले होते. त्यांची पडलेली काठी तिनं उचलून त्यांच्या हातात दिली.

रुकसानाची पाळी संपली होती. गणवेश बदलायला ती बायकांच्या छोट्या खोलीत गेली. पायथ्याशी मातीची ती उशी तशीच होती; झाडूवालीला तिनं हात लावू दिला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं, सिस्टर, हे काय? ती म्हणाली होती, उद्या बघते.

ती भिंतीपाशी उभी राहिली. आईचं काम झालं होतं, अब्बांचं ओझं उतरलं होतं, बाळ जगलं होतं. सगळ्यांचं भलं झालं. घरच्यांनी आज चांदबीला पुरलं होतं. रुकसानाची बहीण आज दुपारपर्यंत होती. रोज भेटत होती.

तिनं बोटाचं पेर वाकवलं. टक. टक. टकटक. मी हाय, तू हाय का?

तिनं वाट बघितली. काळ्या थराला कान लावला. आत गार माती होती, नुसती माती. तिनं पुन्हा वाजवलं, जरा जोरात, आणि मग तिसऱ्यांदा, आणि तेव्हा तिला रडू फुटलं, त्या पावसात उभ्या असलेल्या पोरीचं.

दार हळूच उघडलं. हसीनाबी आत आली, मागून लेकीचा उचललेला हात तिनं धरला आणि भिंतीवरून खाली घेतला.

"वाजवू नगंस आता," ती कुजबुजली. "आत्ताशी निजलीय ती."